मार्चमध्ये घड्याळ बदललं आणि आमच्या अपॉइंटमेंटा तासभर सरकल्या. २ नोव्हेंबरच्या आत काय दुरुस्त करू?

सिडको_एन_नऊ (छत्रपती संभाजीनगर), १२ ऑक्टोबर २०२५

मंडळी, हा धागा मी मार्चमध्येच काढायला पाहिजे होता. तेव्हा जे झालं त्यानंतर लिहायची हिंमत झाली नाही. आता तारीख जवळ आली म्हणून लिहितोय.

मी इथून घरूनच अमेरिकेतल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या साखळीसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळतो. क्लिनिकं शिकागोत आणि आसपासच्या गावांत. आमची टीम तिघांची. बुकिंगचा भाग मी गेल्या डिसेंबरात नव्यानं लिहिला, त्यामुळं चूक माझी, दुसऱ्या कोणाची नाही.

रिसेप्शनवर १० वाजताची वेळ टाकली की माझा प्रोग्रॅम त्यात ६ तास मिळवून यूटीसी (सगळ्या जगासाठी एकच धरलेली मूळ वेळ) करायचा आणि १६ वाजले म्हणून डेटाबेसमध्ये ठेवायचा. दाखवायचं काम ब्राउझरकडं. ब्राउझर त्या त्या तारखेचा यूटीसीपासूनचा खरा फरक धरतो. हिवाळाभर दोन्ही बाजूंचे ६ तास जुळत राहिले. ९ मार्चला रविवारी पहाटे २ वाजता तिकडची घड्याळं उन्हाळी वेळेसाठी थेट ३ वर गेली, फरक ५ तासांचा झाला, आणि फेब्रुवारीत घेतलेली १० ची वेळ पडद्यावर ११ दिसायला लागली. एसएमएस पण ११ चा गेला. पेशंटच्या हातातल्या कार्डावर मात्र पेनानं १० लिहिलेलं. म्हणजे एकाच थेरपिस्टसमोर कोणी कार्ड बघून आलेलं, कोणी मेसेज बघून.

सोमवारी आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला तिकडची क्लिनिकं उघडली आणि फोन सुरू झाले. रिसेप्शनवरच्या बाईंनी एका आजींचं सांगितलं, ते डोक्यातून जात नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. मुलगा कामावरून दोन तासांची सुट्टी घेऊन १० ला घेऊन आला. त्याला परत जावं लागलं, आणि आजी ११ पर्यंत एकट्या खुर्चीवर बसून राहिल्या.

पुढच्या महिन्याचं पान फेब्रुवारीतच उघडून बघितलं असतं तर तिथं ११ दिसलेच असते. कोणी बघितलं नाही. मीही नाही.

त्या रात्री मी पुढच्या सगळ्या नोंदींतून एक तास वजा केला आणि कोडमध्ये ६ च्या जागी ५ लिहिलं. ते तसंच आहे. आता २ नोव्हेंबरला घड्याळं मागं येणार. त्यानंतरच्या तारखांच्या अपॉइंटमेंटा आत्ता रोज पडतायत आणि सगळ्या ५ च्या हिशेबानं. शिवाय रोज रात्री दीड वाजता, तिकडच्या वेळेनं, बिलांचा एक रिपोर्ट निघतो. त्या रात्री दीड दोनदा वाजणार.

परत ५ चे ६ करून मोकळं व्हायचं नाही. मुळातून नीट करायचंय. कसं करू?

---

गंजगोलाई (लातूर), १३ ऑक्टोबर २०२५

उशिरा उत्तर देतोय. सप्टेंबरच्या पावसात गावाकडचं सोयाबीन सगळं पाण्यात गेलं, तिकडंच होतो.

दादा, तुमच्या कोडमधला ६ हा आकडा म्हणजे शिकागो नव्हे. तो शिकागोचा डिसेंबरातला फरक. आपण जन्मापासून यूटीसीच्या पुढं साडेपाच तासांत वाढलो, म्हणून आपल्याला वाटतं की गावाला एक आकडा असतो आणि तो कायम असतो. जिथं घड्याळ बदलतं तिथं गावाला आकडा नसतो, गावाला नियम असतो. आकडा हवा असेल तर तारीख सांगावी लागते, मग नियम आकडा देतो.

ते नियम टीझेड म्हणजे टाइम झोन डेटाबेसमध्ये लिहिलेले आहेत. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पॉल एगर्ट सांभाळतात, २०११ पासून आयाना या संस्थेकडून तो वाटला जातो. लिनक्स, अँड्रॉइड, जावा, पायथन, सगळे त्याच्यावरच चालतात. त्यात शिकागोचं नाव आहे ‘अमेरिका/शिकागो’ आणि आपलं ‘एशिया/कोलकाता’. कोडमध्ये जिथं जिथं ५ किंवा ६ लिहिलंय तिथं हे नाव गेलं पाहिजे आणि बेरीज-वजाबाकी लायब्ररीनं, म्हणजे तयार मिळणाऱ्या कोडनं, केली पाहिजे. हातानं एकही तास मिळवायचा नाही.

नियम अमेरिकेचा वेगळा, युरोपाचा वेगळा. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. मध्ये दोन-तीन आठवडे असे जातात की दोघांमधलं अंतरसुद्धा बदललेलं असतं. सिडनीत सगळं उलटं, ऑक्टोबरात पुढं आणि एप्रिलात मागं, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा. आणि त्याच ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला घड्याळ बदलतच नाही. म्हणून देश धरून चालत नाही, गाव धरावं लागतं.

आता दोनदा वाजणारा दीड. हे आपल्या लोकांना समजायला अवघड नाही. पंचांगात वृद्धी तिथी असते ना, एकच तिथी दोन सूर्योदयांना? आणि क्षय तिथी, जिला सूर्योदयच मिळत नाही? नोव्हेंबरातल्या त्या रात्रीचा १ ते २ हा तास वृद्धीचा. मार्चमधला २ ते ३ क्षयाचा, ९ मार्चला शिकागोत अडीच वाजलेच नाहीत. ज्याचं श्राद्ध क्षय तिथीला येतं त्याच्या घरी त्या दिवशी सकाळी वाद घालत बसत नाहीत. कोणत्या दिवशी करायचं हे शास्त्रात आधीच ठरवून ठेवलेलं आहे. तुमच्या रिपोर्टलाही तसाच ठरवलेला नियम पाहिजे: दीड दोनदा वाजला तर पहिल्याला निघायचं की दुसऱ्याला, आणि वाजलाच नाही तर कधी.

---

सिडको_एन_नऊ, १३ ऑक्टोबर २०२५

पंचांगावरून एका झटक्यात डोक्यात शिरलं. धन्यवाद दादा.

म्हणजे ‘अमेरिका/शिकागो’ लावून यूटीसी करायचं आणि यूटीसीच साठवायचं, बरोबर ना? आमच्या सिनियरनी पहिल्या दिवसापासून हेच शिकवलंय: साठवताना यूटीसी, दाखवताना स्थानिक.

---

गोदाकाठ (नांदेड), १४ ऑक्टोबर २०२५

इथं थांबवतो तुम्हाला. तुमच्या सिनियरनी सांगितलेलं निम्मं खरं आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

होऊन गेलेली गोष्ट यूटीसीत ठेवा, डोळे झाकून. पैसे जमा झाले, लॉगिन झालं, मेसेज गेला, हे ज्या क्षणी झालं तो क्षण आता बदलणार नाही. पुढच्या जूनमधली १० ची अपॉइंटमेंट मात्र क्षण नाही, कबुली आहे. पेशंटनं कबूल केलंय की तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात १० वाजतील तेव्हा मी येईन. तो क्षण नेमका कोणता हे त्या दिवशी तिथलं सरकार ठरवेल, आणि सरकारं नियम बदलतात.

मेक्सिकोचं बघा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांनी कायदा करून बहुतेक देशातली उन्हाळी वेळ बंद केली, अमेरिकेच्या सीमेलगतचा पट्टा तेवढा सोडून. समजा सप्टेंबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीच्या एका दवाखान्यात जून २०२३ ची सकाळची १० ची वेळ घेतली. तेव्हाच्या नियमानं फरक ५ तास, म्हणून १५ यूटीसी साठवलं. जून आला तेव्हा फरक ६ राहिला होता. १५ यूटीसी म्हणजे ९ वाजले. तुमचा कोड निर्दोष, लायब्ररी निर्दोष, झोनचं नाव बरोबर, तरी पेशंटला मेसेज ९ चा. आणि मूळ १० कुठंच लिहिलेले नाहीत, त्यामुळं दुरुस्तसुद्धा करता येत नाही. नोंद जुन्या नियमानं पडली की नव्या, हे नुसत्या १५ कडं बघून कळत नाही.

लेबनॉन तर याहून अवघड. मार्च २०२३ मध्ये २६ तारखेला घड्याळं पुढं जायची होती. सरकारनं तीन-चार दिवस आधी जाहीर केलं की रमजान होईपर्यंत थांबू. देशातल्या काही संस्थांनी आणि चर्चनं ते मानलं नाही. एकाच शहरात दोन वेळा चालल्या. मग सरकारनं निर्णय मागं घेतला. टीझेड डेटाबेसची एक आवृत्ती बदल घेऊन निघाली आणि काही दिवसांतच दुसरी तो बदल काढून टाकायला निघाली. ज्यांनी मधली आवृत्ती घेतली आणि पुढची घेतली नाही, त्यांचे सर्व्हर तासभर मागं राहिले.

म्हणून पुढच्या वेळांसाठी मी तीन रकाने ठेवतो. एकात भिंतीवरची तारीख-वेळ, जशी माणसानं सांगितली तशी, कोणताही फरक न लावता. दुसऱ्यात झोनचं पूर्ण नाव. तिसऱ्यात त्यावरून काढलेलं यूटीसी, फक्त शोधायला आणि क्रम लावायला. खरे पहिले दोन, तिसरा त्यांची सावली. टीझेड डेटाबेस अपडेट झाला की एक छोटा प्रोग्रॅम पुढच्या सगळ्या नोंदींचा तिसरा रकाना नव्यानं काढतो आणि जिथं फरक पडला त्यांची यादी देतो.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरत असाल तर अजून एक. ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ हे रकान्याच्या प्रकाराचं नाव वाचून वाटतं की झोन पण साठवला जातो. तो आत फक्त यूटीसीचा क्षण ठेवतो, झोन फेकून देतो. मी स्वतः एक वर्ष या गैरसमजात काढलं.

---

अंबाजोगाईची_लेक, १४ ऑक्टोबर २०२५

नमस्कार, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, धागा वाचतेय. माझा प्रश्न कदाचित वेगळा आहे. प्रोजेक्टमध्ये पायथनची जुनी पायटीझेड लायब्ररी वापरली. तारीख बनवताना तिथंच ‘एशिया/कोलकाता’ दिलं तर फरक ५ तास ३० मिनिटं यायच्या ऐवजी ५ तास ५३ मिनिटं येतोय. भारतात तर घड्याळ कधीच बदललं नाही ना? मग ही २३ मिनिटं कुठून आली?

---

गंजगोलाई, १५ ऑक्टोबर २०२५

ताई, प्रश्न वेगळा नाही, याच धाग्याचा आहे. ५ तास ५३ मिनिटं हा कलकत्त्याच्या सूर्याचा फरक. प्रमाणवेळ येण्याआधी तिथं सूर्यावरून चालायची ती वेळ. पायटीझेडमध्ये एका झोनच्या पोटात सगळा इतिहास असतो. झोन थेट तारखेला चिकटवला तर ती इतिहासातलं पहिलं पान उचलते. त्यासाठी तिच्यात ‘लोकलाइझ’ नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते तारीख बघून योग्य पान काढतं. नव्या प्रोजेक्टला मात्र पायटीझेड घेऊच नका. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आतच आहे, त्यात हा त्रास नाही.

आणि भारतात घड्याळ कधीच बदललं नाही, हे खरं नाही. भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ पुढं कित्येक वर्षं चालू होती, ४ तास ५१ मिनिटांची. दुसऱ्या महायुद्धात तर इंग्रज सरकारनं घड्याळ एक तास पुढं केलं होतं. टीझेड डेटाबेसमध्ये ‘एशिया/कोलकाता’ उघडून बघा, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ साडेसहा तास लिहिलेले आहेत. त्याआधीही ऑक्टोबर १९४१ ते मे १९४२ एकदा होतेच.

याचा आज काय संबंध? माझा एक मित्र कुंडलीचं ॲप करतो. १९४३ सालच्या एका आजोबांची जन्मवेळ टाकली आणि लग्नरास घरातल्या जुन्या पत्रिकेशी जुळेना. त्यानं साडेपाच तास हातानं लिहिले होते. लग्न साधारण दोन तासांत बदलतं, तेव्हा तासाभराची चूक म्हणजे अर्धी रास. आता त्या काळातली वेळ आली की त्याचं ॲप विचारतं: ही वेळ युद्धकाळातल्या घड्याळाची की जुन्या? कारण पत्रिका लिहिणाऱ्यानं कोणतं घड्याळ बघितलं हे डेटाबेसला कळत नाही, ते घरच्यांनाच विचारावं लागतं.

घड्याळ आणि सूर्य यांच्यातलं अंतर आपण रोज बघतो, फक्त लक्षात येत नाही. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. संभाजीनगर सव्वापंचाहत्तरच्या आसपास. एका अंशाला ४ मिनिटं धरली तर तिथं सूर्य डोक्यावर यायला घड्याळात साडेबाराच्या आसपास होतात. माझी आजी अंगणातल्या सावलीवरून वेळ सांगायची आणि घड्याळ पुढं आहे म्हणायची. तिचं बरोबर होतं.

---

अंबाजोगाईची_लेक, १५ ऑक्टोबर २०२५

झोनइन्फो लावलं, साडेपाच आलं. माझ्या पणजोबांचा जन्म ४४ चा आहे, आज घरी विचारते.

---

परभणीकर, १६ ऑक्टोबर २०२५

झोनइन्फोमध्ये एक खड्डा आहे, ताईंनी आणि धागाकर्त्यांनी दोघांनी बघून ठेवावा. मी त्यात पडलोय.

१ नोव्हेंबरच्या रात्री १० ते २ नोव्हेंबरच्या सकाळी ६, शिकागो. खऱ्या आयुष्यात ९ तास, कारण मधला एक तास दोनदा येतो. पायथनमध्ये दोन्ही वेळांना एकच झोन लावून वजाबाकी केली तर उत्तर ८ येतं. दोघांचा झोन एकच असेल तर पायथन झोनकडं बघतच नाही, भिंतीवरचे आकडे वजा करतो. तो बग नाही, भाषेनं तसंच ठरवलंय. म्हणून तास मोजायचे असतील तर दोन्ही आधी यूटीसीत न्यायचे आणि मग वजा करायचे. मी एका नर्सिंग होमच्या रात्रपाळीचे पगार काढत होतो, तेही परदेशातलंच. रात्रभर जागलेल्या माणसाचा एक तास माझ्या कोडनं खाल्ला होता. त्यांच्या लक्षात आलं, त्यांनी मेल केला, पुढच्या पगारात दिला.

दोनदा येणाऱ्या दीडसाठी पायथनमध्ये ‘फोल्ड’ आहे, ३.६ पासून. ० म्हणजे पहिला दीड, १ म्हणजे दुसरा. न सांगितलं तर ०. जावाचं ‘झोन्ड डेट टाइम’ पण दोनदा येणाऱ्या वेळेला पहिलाच धरतं. न येणाऱ्या अडीचला ते तासभर पुढं ढकलून साडेतीन करतं, तेही न विचारता. पेशंटसाठी ते चालेल का, हे क्लिनिकला विचारा. आमच्याकडं आम्ही अशी वेळ घेतच नाही, स्क्रीनवर स्पष्ट सांगतो की त्या रात्री ही वेळ नाही.

तसंच ‘उद्या याच वेळी’ आणि ‘२४ तासांनी’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. जावात दिवस मिळवा म्हटलं तर भिंतीवरची वेळ तीच राहते, २४ तास मिळवा म्हटलं तर बदलू शकते. औषधाचा डोस २४ तासांनी असतो. फिजिओथेरपी उद्या याच वेळी असते. कोड लिहिताना कोणती मागणी आहे हे आधी माणसाला विचारायचं.

---

गोदाकाठ, १६ ऑक्टोबर २०२५

यात एक भर. झोनचं नाव कधीही तीन अक्षरांत लिहू नका. ‘आयएसटी’ म्हटलं की आपल्याला भारत वाटतो. इस्रायल आणि आयर्लंड पण तीच अक्षरं वापरतात. आमच्या पोस्टग्रेसवर, आवृत्ती १५, एका सहकाऱ्यानं वेळेपुढं आयएसटी लिहून ती टाकली. त्या आवृत्तीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसीपेक्षा २ तास पुढं. सगळ्या नोंदी साडेतीन तास चुकल्या. शिकागोची ‘सीएसटी’ पण तशीच, चीन आणि क्यूबाची अक्षरंही तीच.

---

वाळूज_रात्रपाळी, २७ ऑक्टोबर २०२५

दिवाळीमुळं धागा मागं पडलेला दिसतोय, पण काल सकाळचंच सांगायचंय म्हणून वर आणतो.

मी वाळूज एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. आमच्या जर्मनीतल्या प्लांटच्या मशीनचा डेटा इथल्या सर्व्हरवर येतो. काल २६ ला तिकडं पहाटे ३ चे २ झाले, आपल्याकडं तेव्हा सकाळचे साडेसहा. हा धागा वाचून ठेवला होता म्हणून मुद्दाम उठून बसलो.

मशीन प्रत्येक पार्टची सुरू आणि बंद वेळ स्थानिक घड्याळानं लिहितं, पुढं फरक लिहीत नाही. बघता बघता एक ओळ आली: सुरू २ वाजून ५९ मिनिटं ४० सेकंद, बंद २ वाजून ० मिनिटं २५ सेकंद. पार्टला खरे लागले ४५ सेकंद. आमच्या तक्त्यात आले उणे ३५५५. सरासरी काढणारा प्रोग्रॅम तिथंच अडकला आणि अलार्म वाजला. त्यानंतर तासाभराचा सगळा डेटा आधीच्या तासाच्या डोक्यावर बसत गेला. आलेखात २ वाजताचा खांब बाकीच्यांच्या दुप्पट उंच. सोमवारी कोणी नुसता आलेख बघितला असता तर म्हटलं असतं, त्या तासाला उत्पादन दुप्पट झालं, शाबास.

आणि मागच्या वर्षीच्या आलेखात तो खांब तसाच आहे. जाऊन बघितलं. कोणीच विचारलं नव्हतं.

आज जर्मनीच्या टीमशी बोलून दोन गोष्टी ठरवल्या. मशीन यापुढं प्रत्येक वेळेपुढं फरक लिहील, अधिक २ किंवा अधिक १, म्हणजे दोन वाजताचे दोन तास वेगळे राहतील. आणि पार्टला किती सेकंद लागले हे घड्याळाच्या वजाबाकीनं काढायचंच नाही. कंट्रोलरमध्ये फक्त पुढं चालणारा एक काउंटर असतो, कोणी घड्याळ हलवलं तरी तो हलत नाही. सेकंद त्याच्यावरून घ्यायचे.

धागाकर्त्यांना एक सांगणं: तुमचा सर्व्हर कंटेनरमध्ये (सगळं सामान आत बांधलेल्या पेटीत) चालत असेल तर त्यातला टीझेड डेटाबेस कोणत्या आवृत्तीचा आहे ते उघडून बघा. आमची इमेज, म्हणजे ज्यावरून ती पेटी बनते ती, तीन वर्षं कोणी हलवली नव्हती. काही छोट्या इमेजमध्ये तर तो नसतोच, अल्पाइन नावाच्या छोट्या लिनक्समध्ये वेगळा टाकावा लागतो.

---

सिडको_एन_नऊ, २ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळ

सगळ्यांना दिवाळीच्या उशिरा शुभेच्छा. सांगतो काय काय झालं.

गोदाकाठ यांच्यासारखे तीन रकाने केले. सगळ्यात वेळखाऊ काम जुन्या नोंदी ठरवण्याचं होतं. ‘५ चा हिशेब’ कोणत्या तारखेपासून कोडमध्ये गेला ते गिटवरून (कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणारं साधन) काढलं, त्यावरून प्रत्येक नोंदीची भिंतीवरची वेळ परत उभी केली. क्लिनिकला यादी पाठवली. रिसेप्शनवरच्या बाईंनी २ नोव्हेंबरनंतरच्या पहिल्या आठवड्याची यादी कागदी डायरीशी ताडून बघितली, स्वतःहून. चार नोंदी जुळल्या नाहीत, त्या आम्ही मार्चमध्ये घाईघाईत हातानं बदललेल्या निघाल्या. त्या पेशंटना त्यांनी फोन केले.

कोडमधले ५ आणि ६ सगळे गेले. टेस्टमध्ये आता तीन तारखा कायमच्या बसवल्यात: ९ मार्चची अडीचची वेळ, २ नोव्हेंबरची दीडची वेळ दोन्ही फोल्डनं, आणि १ नोव्हेंबरची रात्र ते दुसरी सकाळ, जिचं उत्तर ९ तासच आलं पाहिजे. टेस्टमध्ये आजची तारीख कुठंच वापरली नाही, ती बाहेरून दिली. आधी तसं नव्हतं, म्हणूनच माझ्या टेस्टा डिसेंबरात पास होत होत्या.

रिपोर्टचं क्लिनिकच्या मालकिणीला विचारलं. त्या म्हणाल्या, पहिल्या दीडला निघू दे, पण दुसऱ्या दीडपर्यंतची बिलं पुढच्या रात्रीच्या रिपोर्टात आली पाहिजेत, मध्ये एकही गळायला नको. मी ‘तारीख अमुक’ असं शोधत होतो. ते काढून ‘मागचा रिपोर्ट ज्या क्षणी संपला तिथून पुढं’ असं यूटीसीवर बांधलं.

आज दुपारी बसलो. आपल्याकडं रविवार, बारा वाजले, तिकडचा पहिला दीड. रिपोर्ट निघाला. साडेबाराला तिकडं २ चा परत १ झाला. त्यानंतरचा अर्धा तास आई जेवायला बोलवत होती, मी उठलो नाही. एकला तिकडं दुसरा दीड वाजला. लॉगमध्ये एकच ओळ आली: आजचा रिपोर्ट आधीच झालेला आहे, सोडून दिलं.

उद्या सोमवार. तिकडची ८ ची वेळ म्हणजे आता आपल्याकडं संध्याकाळचे साडेसात. त्या आजींची उद्या १० ची वेळ आहे, कार्डावर, मेसेजमध्ये आणि पडद्यावर तिन्हीकडं १० दिसतायत. साडेनऊला मी लॉगसमोर असेन.

---

गंजगोलाई, २ नोव्हेंबर २०२५

जेवून घ्या आधी. उद्या रात्री इथं लिहा, वाट बघतो.

---

सिडको_एन_नऊ, ३ नोव्हेंबर २०२५, रात्री

आजी ९:५० ला आल्या. १० ला आत गेल्या.